खडी फोडण्याच्या तीस पाककृती

खिमा परतून झाला, त्यात मैदा, मीठ, पॅप्रिका आणि डब्यातले मश्रूम पडले, की पाच मिनिटं थांबायचं. या पाच मिनिटांत बाईने काय करायचं तेही पाककृतीत दिलेलं आहे. सिगारेट शिलगवायची आणि सिंककडे कपाळाला आठ्या घालून बघत राहायचं. मग सुपाचा डबा फोडून पुढच्या कामाला लागायचं.

पदार्थाचं नाव ‘स्किड रोड स्ट्रोगॅनॉफ’. स्ट्रोगॅनॉफ हे रशियातलं बडं सरदार घराणं. त्यांच्या नावाचा मांसाचा पदार्थ एलेना मोलोखोवेत्स यांच्या पाकपुस्तकाच्या १८७१च्या आवृत्तीत आहे. स्किड रोड म्हणजे अमेरिकेच्या वायव्येकडच्या शहरांतली लाकूडतोड्यांची, दारुड्यांची, फाटक्या खिशाच्या लोकांची वस्ती. रशियन सरदारांना त्या गल्लीत आणून बसवणाऱ्या बाई म्हणजे पेग ब्रॅकन, आणि पुस्तकाचं नाव ‘द आय हेट टू कुक बुक’. स्वयंपाकाचा तिटकारा आहे, असं पाकपुस्तकाच्या मुखपृष्ठावरच सांगून टाकणारं हे पुस्तक १९६० साली निघालं आणि पुढे त्याच्या तीस लाखांहून जास्त प्रती खपल्या.

न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या वाचनालयात जुन्या पुस्तकांची विक्री लागते, तिथे हे मला मिळालं. वाचायला ते आजही ताजं आहे, त्याबद्दल वाद नाही. मला कुतूहल होतं ते पुढचं. यातलं रांधलं तर पोटभर, चवीचं जेवण होतं का? की पाककृती फक्त विनोद करायला निमित्त म्हणून आहेत? म्हणून हिवाळ्यात पुस्तक ओट्यावर आणलं. जेवायला घरात नवरा, कॉलेजात जाणारी मुलगी आणि साताऱ्याहून मुक्कामाला आलेल्या सासूबाई. परीक्षक म्हणून एवढे पुरे होते.

हडळींचं मंडळ

पेग ब्रॅकन यांचा जन्म १९१८ सालचा, आयडाहो राज्यातल्या फायलर गावचा. मिसुरीत वाढल्या, ओहायोतल्या अँटिऑक कॉलेजातून १९४० साली पदवी घेतली आणि पुढे ओरेगॉनमधल्या पोर्टलंडला जाहिरातींचा मजकूर लिहू लागल्या. त्याच क्षेत्रातल्या होमर ग्रोनिंग यांच्याबरोबर त्यांनी एक व्यंगचित्रमालिकाही केली. ‘द सिम्पसन्स’ काढणारे मॅट ग्रोनिंग हे या होमरचे चिरंजीव. सांगायचं इतकंच, की ब्रॅकनबाई काही चुलीपाशी बसल्या बसल्या अचानक लिहू लागल्या नव्हत्या. दोन ओळींत वाचणाऱ्याला धरून ठेवायची कला त्यांच्या हातात धंद्याने आलेली होती.

त्यांच्या मैत्रिणींचं एक टोळकं होतं. स्वतःला त्या ‘हॅग्ज’, म्हणजे हडळी म्हणवून घेत. नोकऱ्या करणाऱ्या, मुलं सांभाळणाऱ्या या बाया दुपारी जेवायला जमत आणि संध्याकाळी घरी पुन्हा रांधायचं आहे म्हणून कावत. मग प्रत्येकीने आपली सगळ्यात कमी कष्टाची आणि तरी घरच्यांनी मुकाट्याने खाल्लेली पाककृती पुढे केली. त्या साठ्यातून पुस्तक उभं राहिलं. हस्तलिखित वाचून लेखक असलेल्या तेव्हाच्या नवऱ्याने ते टाकाऊ ठरवलं. पाच-सहा पुरुष संपादकांनी परत पाठवलं. शेवटी हार्कोर्ट ब्रेस या प्रकाशनातल्या एका संपादक बाईंनी ते घेतलं. चित्रं काढली हिलरी नाइट यांनी. लहान मुलांच्या ‘एलॉइज’ पुस्तकांमुळे त्यांचं नाव आधीच घरोघरी होतं.

काळही पाहायला हवा. पुढच्याच वर्षी, १९६१ साली, ज्युलिया चाइल्ड आणि त्यांच्या दोन फ्रेंच सहकारी बायकांचा फ्रेंच पाककलेवरचा जाडजूड ग्रंथ आला. स्वयंपाक ही साधना आहे, ती मन लावून शिकावी, असं सांगणारा. १९६३ साली बेटी फ्रीडन यांचं ‘द फेमिनिन मिस्टिक’ आलं आणि उपनगरांतल्या सुखवस्तू गृहिणींची घुसमट जाहीर चर्चेचा विषय झाली. ब्रॅकनबाईंचं पुस्तक या दोन्हींच्या आधीचं. साधनाही नको आणि सिद्धान्तही नको, सहा वाजलेत आणि घरात सगळ्यांना भूक लागली आहे, इथून ते सुरू होतं.

सरदार ताटात येतात

आमच्या घरी बीफ येत नाही, तेव्हा स्ट्रोगॅनॉफला टर्कीचा खिमा घेतला. इथल्या अनेक देशी घरांत खिमा-पाव याच खिम्याचा होतो. लसूण, कांदा आणि खिमा तेलावर परतला. मैदा, मीठ, पॅप्रिका, मश्रूम घातले. सिगारेटच्या जागी चहा ठेवला. धूम्रपान आणि कर्करोगाचा संबंध सांगणारा अमेरिकी सर्जन जनरलचा अहवाल पुस्तकानंतर चार वर्षांनी, १९६४ साली आला. पाककृतीचं वय तिथे बरोबर कळतं. चहा घेत सिंककडे बघायचं काम मात्र सूचनेबरहुकूम केलं. नंतर क्रीम ऑफ चिकन सुपाचा डबा, दहा मिनिटं मंद आच, आणि सगळ्यात शेवटी कपभर सावर क्रीम. ते घातल्यावर उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर दह्याच्या कढीसारखं फाटतं. बरोबर उकडलेल्या नूडल्स.

अर्ध्या तासात जेवण तयार. चव सौम्य, मऊ, थोडी सगळीकडे सारखीच. कारण उघड आहे. दोन चमचे मीठ, वर नूडल्ससाठी मांसाच्या अर्काची वडी, वर सुपाच्या डब्यातलं मीठ. पाककृतीतलं मीठ निम्म्यावर आणलं तरी कमी पडत नाही. मुलीने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. सासूबाई मांसाहारी, पण त्यांनी एक घास खाऊन लसणीच्या चटणीची बरणी जवळ ओढली आणि मग ताट संपवलं.

या पुस्तकात सुपाचा डबा पानोपानी भेटतो, त्यामागे इतिहास आहे आणि तो आमच्याच राज्यात घडला. पाणी काढून आटवलेलं सूप डब्यात भरायची युक्ती कॅम्बेल कंपनीतले रसायनतज्ज्ञ जॉन डॉरन्स यांनी १८९७ साली न्यू जर्सीतल्या कॅम्डेन इथे साधली. १९३४ साली क्रीम ऑफ मश्रूम आलं आणि ते सूप म्हणून पिण्याऐवजी ‘सॉस’ म्हणून ओतायची चाल पडली. व्हाइट सॉस म्हणजे लोण्यावर मैदा परता, दूध थोडं थोडं घाला, गुठळ्या होऊ देऊ नका, हात थांबवू नका. डबा हे सगळं गिळून टाकतो. हे सूप भारतात सहज मिळत नाही, तेव्हा कुणाला स्ट्रोगॅनॉफ करायचंच असेल तर लोणी, मैदा, दूध आणि चिकनचं पाणी यांचा दाट सॉस करावा. चवीला तो डब्याहून कितीतरी सरस होईल. फक्त ब्रॅकनबाईंनी वाचवलेली मिनिटं परत द्यावी लागतील.

शिट्ट्या कुणी मोजायच्या?

पुस्तकातली माझी आवडती कल्पना ‘स्टे-अ-बेड स्ट्यू’. मांसाचे तुकडे, कांदे, गाजर, बटाटा, डब्यातले बारीक मटार, तमालपत्र, मीठ, मिरपूड आणि अर्धा डबा पाणी घालून पातळ केलेलं टोमॅटोचं सूप. सगळं झाकणाच्या जाड भांड्यात भरायचं, २७५ फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १३५ सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये ठेवायचं आणि पाच तास अंथरुणात जाऊन पडायचं. रहस्यकथा वाचावी, गोळ्या-चॉकलेटं खावीत; फ्लू झाला असेल तर फ्लू काढावा.

बीफऐवजी एडिसन-आयसलिनच्या ओक ट्री रोडवरून बोकडाचं मटण आणलं. पाच तासांनी झाकण उघडलं तेव्हा मटण हाडापासून सुटलं होतं. चिवट मांसातल्या तंतूंचं मंद आचेवर हळूहळू जिलेटिन होतं, रस्सा अंगाला धरून येतो; त्याला फक्त वेळ लागतो. बटाट्याच्या फोडी मात्र शाबूत होत्या, कारण टोमॅटोची आंबट धार त्यांना विरघळू देत नाही. बिघडले ते मटार. डब्यातले मटार आधीच शिजलेले, पाच तासांत त्यांचा लगदा होतो. गोठवलेले मटार शेवटच्या दहा मिनिटांत घातले तर उत्तम राहतात. पण त्यासाठी अंथरुणातून उठावं लागतं, आणि मग पदार्थाचं नाव बदलावं लागेल.

“कुकरला अर्ध्या तासात झालं असतं,” नवरा म्हणाला. खरं आहे. यावर सासूबाईंनी जे सांगितलं ते मला पुस्तकाच्या कुठल्याही परीक्षणात सापडलं नसतं. “अर्धा तास, पण उभं राहून. शिट्ट्या कोण मोजणार? तू?”

स्वयंपाकाला लागणारा वेळ दोन प्रकारचा असतो. एक घड्याळाचा आणि एक बाईचा. कुकर घड्याळाचा वेळ वाचवतो, पण बाईचा कान अडकवून ठेवतो. शिट्टी झाली का, तिसरी की चौथी, गॅस बारीक केला का. ओव्हन घड्याळाचे पाच तास खातो आणि बाईला मोकळं सोडतो. ब्रॅकनबाईंच्या पाककृती ताटावर बसून तपासल्या की हा हिशेब दिसू लागतो. कांद्याच्या सुपाची कोरडी भुकटी मांसाच्या तुकड्यावर टाकून तो फॉइलमध्ये गुंडाळायचा आणि तीन तास ओव्हनमध्ये विसरून जायचा, अशी एक ‘स्वीप स्टेक’ नावाची कृती आहे. तिच्यात फॉइलचं काम मांस शिजवण्याइतकंच भांडं न घासण्याचंही आहे. ‘हेल्झापॉपिन चीज राइस’मध्ये शिजलेला भात, चार अंडी, पालक, दूध आणि साडेचारशे ग्रॅम किसलेलं चेडर चीज एकत्र करून भाजायचं. उरलेल्या भाताचं यापेक्षा चांगलं सोनं फोडणीच्या भातानेच केलं आहे, असं घरात एकमताने ठरलं. तरी ट्रे रिकामा झाला.

कुठल्या कृती साठ वर्षांनीही चालतात आणि कुठल्या नाही, याचं उत्तर मला इथे मिळालं. जिथे काम ओव्हनवर सोपवलेलं आहे, तिथे पदार्थ आजही उभा आहे. जिथे चवीची जबाबदारी डब्यावर टाकलेली आहे, तिथे त्याचं वय जाणवतं.

“आज भाजी काय करू?”

रोजच्या मुख्य पदार्थांच्या प्रकरणात तीस पाककृती आहेत, महिन्याच्या तीस दिवसांच्या. प्रकरणाला बाईंनी जोडनाव दिलं आहे ‘रॉक पाइल’. शिक्षा झालेल्या कैद्यांना खडी फोडायला जिथे पाठवतात तो दगडांचा ढीग. विनोद आकड्यात आहे. तीस संपल्या की एकतीस तारखेला काय? पुन्हा पहिलीपासून.

विनोद बाजूला ठेवून हा आकडा मी सासूबाईंसमोर ठेवला. “आई, तुम्हाला स्वयंपाकाचा कंटाळा यायचा का हो?”

“करण्याचा नाही. पन्नास माणसांचं जेवण मी हसत केलंय. रोज उठून काय करायचं हे ठरवण्याचा यायचा. ह्यांना विचारलं की म्हणायचे, कर काहीही. आणि काहीही केलं की म्हणायचे, हे केलंस?”

ब्रॅकनबाईंनी नेमकी हीच नस पकडली होती. हातांचं काम यंत्रांनी, डब्यांनी, पुड्यांनी हलकं होत होतं. ठरवण्याचं काम कुणी हलकं करत नव्हतं. उलट मासिकं रोज नवी कल्पना, नवी सजावट, नवा पदार्थ समोर टाकत होती. आपल्याकडे लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या ‘गृहिणी-मित्र’ने एक हजार पाकक्रिया दिल्या. १९७० साली कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आली आणि वाटी-चमच्याच्या मापाने तिने परगावी संसार थाटलेल्या कितीतरी नव्या नवऱ्यामुलींना तारलं. ही ग्रंथसंपदा मोठीच आहे. पण हजार पाककृतींचं पुस्तक बाईला ज्ञान देतं आणि वर हजारांतून निवडायचं कामही देतं. तीस पाककृतींचं पुस्तक निवड काढून घेतं. आज बावीस तारीख, म्हणून आज हे. विषय संपला.

मराठीत खाण्यावरचा विनोद विपुल आहे. पु. ल. देशपांड्यांचं ‘माझे खाद्यजीवन’ कुणाला आठवत नाही? पण तो पाटावर बसलेल्याचा विनोद आहे. त्यात वाफाळता भात येतो, तूप येतं, पंगत येते. ओट्यापाशी घाम पुसणारी बाई जेवण वाढून बाहेर जाते. रांधणाऱ्या बाईचा विनोद जात्यावरच्या ओव्यांत, उखाण्यांत, लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त सापडतो. पाकपुस्तकात तो आपल्याकडे सहसा शिरला नाही. मराठी पाकपुस्तकाची लेखिका सुगरण असते आणि सुगरणीने कंटाळायचं नसतं.

बिस्क्विकचे गुलाबजाम

तरीही ब्रॅकनबाईंचं तंत्र मराठी बायकांना परकं होतं असं नाही. १९६५च्या कायद्याने अमेरिकेने आशियाई स्थलांतरितांसाठी दार उघडलं आणि डॉक्टर, इंजिनियर नवऱ्यांबरोबर मराठी बायका इकडे आल्या. खवा नाही, चक्का नाही, रवा कुठे मिळतो माहीत नाही. आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या सत्तरी-ऐंशीतल्या काकूंना विचारलं की तेव्हाच्या युक्त्यांची यादीच सुरू होते. पॅनकेकच्या तयार पिठाचे, म्हणजे बिस्क्विकचे आणि दूध पावडरीचे गुलाबजाम. रिकोटा चीजची बर्फी. सावर क्रीमचं श्रीखंड. न्याहारीच्या क्रीम ऑफ व्हीटचा उपमा आणि शिरा. पोळ्या लाटायला वेळ नसेल तेव्हा मेक्सिकन टॉर्टिया गरम करून, वर तूप लावून.

या युक्त्या काकू आज अभिमानाने सांगतात, पण त्या काळी पाहुण्यांपुढे सांगत नसत. पाहुण्याने “खवा कुठून आणलात?” विचारलं की नुसतं हसायचं. ब्रॅकनबाईंच्या पुस्तकात याही गोष्टीसाठी वेगळं प्रकरण आहे. आपण चांगल्या स्वयंपाकीण आहोत असं चारचौघींत कसं भासवावं, काय बोलावं, कशावर पार्सली भुरभुरवावी, याचं. पॉटलक जेवणांवरही एक प्रकरण आहे, सोपी वस्तू आपल्या वाट्याला कशी घ्यावी हे शिकवणारं. दिवाळीच्या पॉटलकची यादी मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर पडताच पहिल्या मिनिटात ‘कागदी प्लेट्स’समोर स्वतःचं नाव घालणारी आमची एक मैत्रीण आहे. तिने हे पुस्तक वाचलेलं नाही. तिला गरजही नाही.

संप नव्हे, नियमानुसार काम

इतकं शिजवून, खाऊन झाल्यावर पुस्तकाबद्दल माझं मत असं झालं, की हे बंड नाही. कामगारांच्या भाषेत याला ‘नियमानुसार काम’ आंदोलन म्हणतात. कारखाना बंद पाडायचा नाही, हजेरी लावायची, नेमून दिलेलं सगळं करायचं, पण कणभरही जास्त नाही. जेवण वेळेवर मिळेल, पौष्टिकही असेल. कौतुकाची अपेक्षा करणार नाही, कलाकुसर करणार नाही, आणि आनंदाचा मुखवटा चढवणार नाही. १९६०च्या अमेरिकेत ही शेवटची अट सगळ्यात धाडसाची होती, कारण जाहिरातींतली प्रत्येक गृहिणी ओव्हनसमोर हसत उभी असे. त्या जाहिराती कशा लिहितात हे आतून माहीत असलेल्या बाईनेच ते हसू पुसलं.

आंदोलनाची मर्यादाही तिथेच आहे. रांधायला आवडत नाही, हे बाई पानोपानी सांगतात. मग दुसऱ्या कुणी रांधावं का, हा प्रश्न पुस्तकात गंभीरपणे येतच नाही. वेळ कमी झाला, हात तेच राहिले. आणि बाजार हुशार असतो. पुढे ब्रॅकनबाई बर्ड्स आय कंपनीच्या गोठवलेल्या भाज्यांच्या जाहिरातींत झळकल्या. तिटकाऱ्याचीही विक्री झाली.

पण म्हणून पुस्तक लहान ठरत नाही. घरकाम, शिष्टाचार, प्रवास अशा विषयांवर बाईंनी पुढे बरंच लिहिलं, तरी नाव राहिलं ते याच पुस्तकाने. २००७ साली, वयाच्या ८९व्या वर्षी, त्या पोर्टलंडमध्ये वारल्या. २०१० साली पुस्तकाची पन्नाशीची आवृत्ती निघाली, तिला त्यांच्या मुलीने प्रस्तावना लिहिली. तयार चकल्या मागवून त्या घरच्या डब्यात भरताना अजूनही ओशाळणाऱ्या बाया आपल्याकडे आहेत. त्यांनी हे पुस्तक मिळवून वाचावं. कामाचा कंटाळा येणं हा स्वभावदोष नाही, एवढं कुणीतरी हसत हसत सांगावं लागतं.

आणि त्यातली एक गोष्ट करून पाहायचीच असेल तर ‘कॉकआइड केक’ करावा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात तो जसाच्या तसा जमतो, कारण त्यात अंडं, दूध, लोणी यांपैकी काहीही नाही. या जातीचे केक अमेरिकेत टंचाईच्या काळात रुळले. आपल्याकडे ते एगलेस म्हणून चालतात. चाळलेला मैदा दीड कप, साखर एक कप, कोको तीन मोठे चमचे, खाण्याचा सोडा एक चहाचा चमचा, मीठ अर्धा चमचा. तूप-तेलाचा हात लावलेल्या नऊ इंची चौकोनी भांड्यातच हे सगळं मिसळायचं, वेगळं पातेलं घ्यायचं नाही. त्यात बोटाने तीन चर पाडायचे. एका चरात पाच मोठे चमचे तेल, दुसऱ्यात एक मोठा चमचा व्हिनेगर, तिसऱ्यात एक चमचा व्हॅनिला. वरून कपभर गार पाणी ओतायचं आणि चमच्याने ढवळायचं. व्हिनेगर आणि सोडा भेटले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात, अंड्याचं काम तेच करतात; म्हणून ढवळून झाल्यावर गप्पा मारत न बसता भांडं लगेच ओव्हनमध्ये ठेवावं. १७५ सेल्सिअसला अर्धा तास.

सासूबाईंनी याची कृती वहीत उतरवून घेतली आणि साताऱ्यात करूनही झाली. मिश्रण अगदी गुळगुळीत झालं नाही तरी चालतं. केकचं भांडं कुणी घासायचं, ते मात्र पुस्तकात दिलेलं नाही. ते ज्याचं त्याने आधी ठरवून घ्यावं.